इंदूबाईचा चीक

कोराडीच्या वीज कॉलनीत कोणाचं पोट बिघडलं की लोक आधी इंदूबाईकडे यायचे आणि मग दवाखान्यात जायचे. ओवा, हिंग, सुंठ, बेलफळाचा मुरंबा, जे म्हणून माणसाच्या पोटात घालता येतं ते सगळं तिच्या फळीवर हजर. आणि नेमके तिच्याच एकुलत्या एका पोराच्या पोटापुढे तिनं हात टेकले होते. याचं तिला जितकं दुःख होतं तितकाच रागही होता.

पोरगा म्हणजे रविंद्र, चोवीस वर्षांचा, पॉवर स्टेशनच्या टाइम ऑफिसात कारकून. दोनेक वर्षांपासून तो जेवला की त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि मग संडासाच्या वाऱ्या. अंगावर मांस म्हणून धरेना. कॉलनीतल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, इतवारीतल्या वैद्यानं पुड्या बांधून दिल्या, आणखी एकानं नुसतं 'टेन्शन घेऊ नका' म्हणून फी घेतली. शेवटी नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर उत्तरा केदार भेटल्या. दिल्लीला शिकून आलेल्या, बोलायला गोड आणि कामाला कडक. त्यांनी रविंद्रला रबरी नळीच्या टोकाला लावलेली एक धातूची गोळी गिळायला लावली, ती पार आतड्यापर्यंत उतरवली आणि तिथला मुगाच्या डाळीएवढा तुकडा काढून आणला. तो तुकडा मुंबईला जाणार, तिथले तज्ज्ञ तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार आणि मग काय ते कळणार.

"पोराचा पार मासा करून टाकला ना, अजी, या बाईनं," इंदूबाई दवाखान्याच्या पायरीवरच नवऱ्याला म्हणाली. "गळ टाकते काय, ओढते काय!"

"मासा जित्ता हाये ना, मग झालं," धोंडबा म्हणाला. धोंडबा कोळशाच्या यार्डात कामाला होता. बोलायचा कमी आणि हसायचा जास्त, पण त्या दिवशी त्याच्याही ओठांवर हसू आलं नाही.

कारण 'तुकडा तपासायला पाठवला' एवढं ऐकलं की तेव्हा ऐकणारा आपोआप आवाज खाली आणायचा. तुकडा कशासाठी काढतात हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं. त्या रोगाचं नाव इंदूबाईच्या घरात कोणी घेत नव्हतं. घेतलं नाही की तो येणार नाही, असा काहीसा हिशेब होता. रविंद्र मात्र रात्री छताकडे पाहत पडून राहायचा, आणि तो काय मोजतो आहे हे आईला अंधारातही कळायचं.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही हा आपल्याकडचा धर्मच, त्यामुळे कोणी बिस्किटांचा पुडा आणला, कोणी डबलरोटी, कोणी टोस्ट, कोणी घरच्या शेवया. पलंगाखाली बेकरीचं दुकान उघडता आलं असतं. शेजारच्या यमुताई रव्याचा शिरा घेऊन आल्या आणि जाताना दारात थांबून हळूच म्हणाल्या, "इंदूबाई, मी काय म्हणते, कोराडीच्या देवीला नवस बोलून ठेवा."

इंदूबाईची खरी पंचाईत तिथेच होती. छप्पन साली नागपुरात तिनं आणि धोंडबानं धम्म घेतला, तेव्हा ती नवी नवरी होती. देव तेव्हाच सोडले. सोडलेल्या देवांकडे आता काम पडलं म्हणून परत जायचं, हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. बुद्धाकडे काही मागायची सोय नाही. तो म्हणतो, आधी दुःखाचं कारण शोध. मग सौदा करायचा तरी कोणाशी? एका सकाळी सिगडी पेटवता पेटवता तिनं तो स्वतःशीच करून टाकला. "माहं पोरगं राहू दे," ती निखाऱ्यांवर फुंकर घालत पुटपुटली. "मग मले जे करा लागन ते करीन. काहीबी. नाही म्हननार नाही."

आणि सौदा झाल्यावर ती कामाला लागली. तिनं गव्हाचा चीक काढायला घेतला.

चीक म्हणजे काय साधी गोष्ट नाही. निवडलेला गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग तो पाट्यावर वाटायचा, फडक्यातून पिळायचा, खाली बसलेला पांढराशुभ्र साका दुधात शिजवायचा. मेलेल्यालाही उठवतो म्हणतात. इंदूबाईच्या मते तर गव्हानं न सुधारणारं जगात काही नव्हतंच, आणि त्यालाही कारण होतं.

तिचं माहेर मौद्याकडचं. लहानपणी ती आईसोबत मालगुजाराच्या मागच्या दारी उभी राहायची. आतून शिळ्या भाकरी यायच्या. हातात नाही, शिवू नये म्हणून वरून पदरात टाकलेल्या. त्या ज्वारीचा वास तिच्या नाकात कायमचा बसला होता. लग्नानंतरही बरीच वर्षं ज्वारीच खावी लागली, आणि ती तिनं दात-ओठ खात खाल्ली. मग धोंडबा पॉवर स्टेशनला लागला, कॉलनीत क्वार्टर मिळालं, आणि त्याच दिवशी तिनं जाहीर केलं की या घरात ज्वारीचा दाणा शिरणार नाही. आपलं पोरगं गव्हाची पोळी खाईल, दोन्ही वेळा, तूप लावून.

भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट सासूच्या वेळची होती. ती तिनं थोरल्या नणंदेला, वच्छलाबाईला देऊन टाकली, तीही कॉलनीतल्या बायकांना दिसू नये म्हणून पोत्यात गुंडाळून. वर चार माणसांत म्हणाली, "आमच्याकडं आता भाकर होत नाही, बाई. तुमीच न्या." वच्छलाबाई रस्त्यापलीकडे महादुल्यात राहायची, भाजी विकायची, भाकरच खायची. तिनं काठवट उचलली आणि निघून गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं 'जय भीम'च्या पुढे गेलेलं नव्हतं.

तर इंदूबाई रोज भरून वाटी चीक करू लागली, आणि आश्चर्य म्हणजे आठवड्याभरातच फरक दिसायला लागला. रविंद्रचं पोट फुगणं कमी झालं. गालांवर थोडं पाणी चढलं. संध्याकाळी बापलेक फिरायला निघायचे आणि पोरगा परत यायचा तेव्हा त्याचं पाऊल हलकं असायचं. "जेवन नको, माय, चीकच दे फक्त," तो म्हणायचा आणि वाटी घेऊन मागच्या अंगणात जायचा. "इथं हवा बरी लागते." वाटी कशी, तर चाटूनपुसून लख्ख. इंदूबाईचा ऊर भरून यायचा.

मागच्या अंगणात मोत्या नावाचा एक बेवारशी कुत्रा पडून असायचा. तोही त्याच दिवसांत चांगला गुबगुबीत झाला. "पोराचा पायगुन," इंदूबाई म्हणाली.

मग काय, तिला कॉलनी अपुरी पडू लागली. नळावर, रेशनच्या रांगेत, बसथांब्यावर, जिथे दोन बायका दिसतील तिथे चिकाची कृती. यमुताईंच्या घरी तर तिनं पाटा-वरवंटा घेऊन प्रात्यक्षिक करून दाखवलं. कॉलनीभर गहू भिजत पडले, आंबूस वासानं गल्ली भरली, कोणाच्या आजेसासूला चीक, कोणाच्या बाळंतिणीला चीक. फक्त रात्री दिवा मालवला की तिचं अवसान गळायचं. मरायच्या आधी माणूस दोन दिवस असाच टवटवीत होतो, हे तिनं मौद्याला डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मग ती उठून पोराच्या नाकापुढे हात धरून यायची.

शेवटी दवाखान्यातून निरोप आला की मुंबईहून उत्तर आलं आहे. तिघंही बसमध्ये बसून नागपूरला गेले. वाटेत धोंडबानं तंबाखूही मळली नाही.

उत्तराबाईंनी रविंद्रला आधी वजनकाट्यावर उभं केलं. काटा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "अरे वा! वजन वाढलंय की तुझं."

इंदूबाईला राहवलं नाही. "थे मी सांगतो, म्याडम, कशानं वाढलं."

"सांगा, पण आधी माझं ऐका." उत्तराबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तो रोग नाही."

"कोनता?"

"तुम्ही ज्याचं नाव घेत नाही आहात ना, तो."

इंदूबाई मटकन स्टुलावर बसली. धोंडबानं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. रविंद्र भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

"याला गहू सोसत नाही," उत्तराबाई पुढे म्हणाल्या. "गव्हात एक चिकट भाग असतो. कणीक ताणली की तुटत नाही ना, त्याच्यामुळेच. याच्या आतड्याला तो चालत नाही, आतून सोलवटून निघालंय ते. पंजाबकडे हा आजार मी बराच पाहिलाय, इकडे कोणाच्या चटकन लक्षात येत नाही. औषध फार नाही. गहू बंद करायचा, जन्मभर. पोळी, डबलरोटी, बिस्किट, रवा, शेवया, कणभरसुद्धा नाही. तांदूळ खा, ज्वारी खा. पोरगा ठणठणीत होईल."

"अन् चीक?" इंदूबाईनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

"कसला चीक?"

"गव्हाचा. तुमी तुकडा काढला तवापासून रोज देऊन राहिली मी. भरून वाटी."

उत्तराबाईंचा पेन थांबला. "रोज? चीक? अहो, त्यानं तर हा आडवा व्हायला पाहिजे होता! मग वजन वाढलं कसं?"

धोंडबा वर पंख्याकडे टक लावून पाहत होता आणि पंखा तर बंद होता. रविंद्रनं मान इतकी खाली घातली होती की त्याची हनुवटी छातीला टेकली.

"अजी," इंदूबाई म्हणाली. तेवढ्यावर धोंडबाला घाम फुटला.

"म्याडम," रविंद्र म्हणाला, "चीक मी खाल्लाच नाही. मोत्यानं खाल्ला."

"मोत्या कोण?"

"कुत्रा हाये आमच्या मागं." एकदा सुरू झाल्यावर तो थांबेना. "मले वाटलं, आता काही आपलं खरं नाही. मरायचंच हाये तं मनासारखं खाऊन मरू. लहानपनीची भाकर आठवून राहिली होती. बाबांले म्हनलं, आत्याकडं चला. मंग रोज संध्याकाळी जात होतो. जवारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटनी. डब्यातल्या पोळ्या हापिसातला दोस्त ओमप्रकाश खात होता. मायले सांगाची हिंमत नाही झाली."

"अन् तुमी?" इंदूबाई नवऱ्याकडे वळली. "तुमी बी जेवत होते?"

"पोराले एकट्याले कसं बसवावं जेवाले," धोंडबा म्हणाला. "अन् बाईनं वाढलं तं नाही कसं म्हनावं. दोन दोन खात होतो बस."

उत्तराबाई हसू लागल्या. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून, मग चष्मा काढून टेबलावर ठेवून. बाहेरची नर्स काय झालं म्हणून आत डोकावली. "आणि मोत्या कसा आहे?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"एकदम मस्त हाये, म्याडम," रविंद्र म्हणाला. मग धोंडबाही हसला, आणि पोरगा हसला. इंदूबाई तेवढी हसली नाही.

परतीच्या बसमध्ये ती पुढच्या सीटवर एकटीच बसली. पोरगा जगणार होता. हे साऱ्या बसला ओरडून सांगावं असं तिला वाटत होतं. आणि त्याच वेळी आपलेच हात तिला बघवत नव्हते. इतकी वर्षं तिनं त्या हातांनी तूप लावलेल्या पोळ्या त्याच्या ताटात घातल्या होत्या, 'आनखी एक घे' म्हणून आग्रह करून. तो संडासातून गळून यायचा आणि ती अंगात ताकद यावी म्हणून आणखी एक घालायची. रविंद्र मागून वाकला. "माय, तुले काय मालूम होतं? डाक्टरांले नाही समजलं इतके दिवस." तिनं मान हलवली, पण मागे वळून पाहिलं नाही.

मग तिला आपला सौदा आठवला. काहीबी करीन, नाही म्हननार नाही. देवाशी केला असता तर एखाद्या नारळावर मिटवता आला असता. स्वतःशी केलेल्यात सूट कोणाकडे मागणार? कॉलनीच्या थांब्यावर ती उतरली आणि घराकडे न वळता सरळ रस्ता ओलांडून महादुल्याकडे चालू लागली. धोंडबा काही बोलणार होता. रविंद्रनं त्याची बाही ओढली.

वच्छलाबाई दारात बसून अंबाडीची पानं खुडत होती.

"जय भीम, बाई."

"जय भीम." वच्छलाबाईचे हात थांबले. "काय म्हनलं वं डाक्टरीनबाईनं?"

त्या आवाजावरून इंदूबाईला कळलं की आपल्यासारखंच आणखी एक माणूस इतके दिवस रात्री जागं होतं. "वाचला," ती म्हणाली. "माहा रवि वाचला, बाई. तुमच्या भाकरीनं वाचला."

वच्छलाबाईनं पदर तोंडाशी धरला. मग दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून पोटभर रडल्या. दवाखान्यात, बसमध्ये न आलेलं सगळं रडू इंदूबाईला तिथे आलं.

बसमध्ये तिनं बोलायची पुष्कळ तयारी केली होती. आडून-आडून कसं सुरू करायचं, मध्येच काठवटीचा विषय कसा काढायचा. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं, "मले काठवट पाहिजे होती."

वच्छलाबाई आत गेली आणि पोत्यात गुंडाळलेली काठवट घेऊन आली. तेच पोतं, त्याच गाठी. "म्या वापरली नाही. माही हाये माह्यापाशी. ही मायनं तुले देल्ली होती, तुहीच होती. म्हनलं, लागन कधी तरी."

इंदूबाईनं गाठ सोडली आणि काठवटीवरून हात फिरवला. "भाकरीची चीड नव्हती, बाई," ती म्हणाली. "थे वरून टाकत होते ना पदरात..."

"मले काय सांगतं? माह्या पदरात नाही पडल्या का?" वच्छलाबाई म्हणाली. "पन ही जवारी माही हाये. मी भाजी विकली, मी घेतली, मी दळून आनली. कोनाच्या दारची नाही." तिनं पिठाचा डबा काखेत घेतला, पायात चप्पल सरकवली. "चाल. तुले आता जमनार हाये का एकटीले?"

"पोतं राहू द्या इथंच," इंदूबाई म्हणाली.

तिनं उघडी काठवट डोक्यावर घेतली आणि दिवसाढवळ्या कॉलनीच्या मधल्या रस्त्यानं निघाली. मागे पिठाचा डबा घेऊन नणंद. नळावरच्या बायका वळून बघू लागल्या. यमुताई फाटकाशी आल्या. "हे काय हो, इंदूबाई?"

"काठवट!" इंदूबाईनं दोन गल्ल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "जवारीच्या भाकरीची. डाक्टरनं लिहून देल्ली. अन् थो चीक कोनी आजारी मानसाले देऊ नका बापा, आधी डाक्टरले विचारा!"

घरी आल्यावर सिगडी पेटली. कोमट पाण्यात पीठ मळून पहिली भाकर थापली, ती उचलताना मधोमध फाटली. इंदूबाईनं पिठाला शिव्या दिल्या. दुसरी तव्यापर्यंत पोचली पण गोल झाली नाही. "नकाशा काढला काय वं?" वच्छलाबाई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा इंदूबाई खळखळून हसली. तिसरी मात्र टम्म फुगली. खरपूस वास घरभर पसरला. तो तिच्या नाकात गेला आणि क्षणभर ती मौद्याच्या त्या मागच्या दारी जाऊन उभी राहिली.

रविंद्र आणि धोंडबा ताटं घेऊन तयारच बसले होते. भाकर वाढायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. वाढणारी सिगडीपुढून उठत नाही, तव्यावरची गरम भाकर तिथूनच ताटात टाकते. वच्छलाबाईनं तशी टाकायला हात पुढे केलाच होता.

"थांबा," इंदूबाई म्हणाली.

ती उठली. फुगलेली भाकर तिनं दोन्ही हातांत धरली, बोटं भाजत होती तरी धरली, पोरापर्यंत चालत गेली, त्याच्यापुढे खाली बसली आणि भाकर हळूच त्याच्या ताटात ठेवली.

"घे," ती म्हणाली. "आपल्या घरची हाये."

रविंद्रनं तुकडा मोडला. मागच्या दाराशी मोत्या वाटीची वाट बघत शेपूट हलवत होता. धोंडबानं आपलं रिकामं ताट बायकोच्या दिशेनं सरकवलं आणि म्हणाला, "अवं, मले बी दे ना तशीच."